डोळे मिटलेला फोटो

कंडक्टरची मिशी गेली, तिथून सगळं सुरू झालं.

खरोखरची मिशी नव्हे हो, फोटोतली. पण कंडक्टरचं म्हणणं असं, की ओळखपत्रावर राहणार ती फोटोतलीच, तेव्हा खरी तीच. बिचाऱ्याने कितीतरी महिने जिवापाड जपून ती वाढवली होती. बारीक होती, फिकट होती, पण होती. आणि फोटोवाल्या काकूंनी ती ओठावरची सावली समजून कॉम्प्युटरवर साफ पुसून टाकली. पुसली ती पुसली, वर "आता कसा तरतरीत दिसतोस!" म्हणून कौतुकही केलं.

कंडक्टरचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. काकांनी त्याला खुर्चीवर बसवलं, चहा पाजला, पुन्हा फोटो काढून दिला. तो गेल्यावर काकू मुकाट्याने आत जाऊन बसल्या. ज्या बाईच्या तोंडाचा पट्टा एरवी थांबत नाही, ती मुकाट्याने बसली म्हणजे काय ते समजा.

आता हे काका-काकू कोण, ते सांगायला हवं. गल्लीच्या तोंडाशी फोटो स्टुडिओ. पुढे काउंटर, काचेची शोकेस, मध्ये पडदा, पडद्यामागे स्टूल आणि दिवे, आणि त्याच्याही मागे एक कोंदट खोली. तिथे पूर्वी फोटो धुतले जायचे, आता कॉम्प्युटर आहे. काका फोटो काढायचे आणि काकू तो "नीट" करायच्या. लग्न होऊन आल्या तेव्हापासून हेच. पुटकुळ्या, डाग, सुरकुत्या, डोळ्यांखालची वर्तुळं, सगळं काकूंच्या हाताखालून जायचं आणि माणूस गोरागोमटा होऊन बाहेर पडायचा. अख्ख्या गल्लीचे चेहरे काकूंनी घडवलेत, असं लोक म्हणायचे. काकूही "छे हो, काहीतरीच" असं म्हणायच्या, पण दोनदा ऐकून घेऊन मगच.

आणि त्याच काकूंना आता दिसेनासं झालं होतं. म्हणजे डोळे ठणठणीत, चष्म्याचा नंबर तोच, पण वरच्या पापण्या अशा काही उतरल्या होत्या की दुकानाचं शटर अर्ध्यावर अडकावं. काम करताना एका हाताने माऊस धरायचा आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने पापणी वर. संध्याकाळपर्यंत कपाळ ठणकायला लागायचं. 'डोळ्यावर कातडं ओढलंय' असं आपण दुसऱ्याला म्हणतो ना? काकूंच्या डोळ्यांवर ते खरोखरच ओढलं गेलं होतं, आणि त्यात त्यांचा काही दोष नव्हता.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "मोतीबिंदू नाही, काही नाही. पापणीची कातडी सैल होऊन नजरेवर आलीय. प्लास्टिक सर्जनला दाखवा, छोटं ऑपरेशन आहे."

प्लास्टिक सर्जन म्हटल्यावर काकांचा चेहरा पडला आणि काकूंचा खुलला. हे मात्र नवलच. पण त्यालाही कारण होतं, आणि ते कारण काउंटरच्या वर भिंतीला टांगलेलं होतं.

काकूंचा चोविसाव्या वर्षीचा फोटो. मोठा, काळा-पांढरा, लाकडी चौकटीत. भुवयांची कमान, आणि खाली हे टपोरे, उघडे, चमकणारे डोळे. नवं गिऱ्हाईक आलं की आधी त्या फोटोकडे बघायचं आणि मग विचारायचं, "काकू, ही कोण? तुमची धाकटी बहीण का?" पूर्वी "तुम्हीच ना?" असं विचारायचे, मग "तुम्ही का?" झालं, आणि आता थेट धाकटी बहीण! काकू हसून घालवायच्या, पण लागायचं हो. कुणालाही लागेल. त्या फोटोची काच पुसायची ती काकांनीच, दुसऱ्या कुणी चौकटीला हात लावलेला त्यांना खपायचा नाही. काकूंना वाटायचं, पाहा, यांनासुद्धा ती चोविशीतली बाई किती आवडते!

तर काकूंनी मनात ठरवलं. होऊनच जाऊ दे. दिसायलाही लागेल, आणि छान दिसायलाही लागू.

आता उतावळेपणाला औषध नाही. काकूंनी चार ठिकाणी चौकशी केली का? नाही. चौकातल्या मोठ्या पाटीवरचा नंबर फिरवला आणि दुसऱ्या दिवशी काकांना घेऊन हजर. आत पांढरे सोफे, भिंतीवरून पाणी वाहतंय, अत्तराचा घमघमाट. डॉक्टरही असे गुळगुळीत की माशी बसली तर घसरावी. काकूंनी पिशवीतून भिंतीवरच्या फोटोची छोटी प्रत काढून पुढे ठेवली.

"असं होईल?"

"असंच होईल," गुळगुळीत डॉक्टर म्हणाले. फोटो पाहायला त्यांना अर्धं मिनिट लागलं, काकूंकडे पाहायला त्याहून कमी. मग त्यांनी काकूंचा फोटो काढून कॉम्प्युटरवर घेतला, इकडे ओढलं, तिकडे पुसलं, आणि पडदा काकूंकडे फिरवला. काकू हरखून गेल्या. का नाही हरखणार? त्यांनी स्वतः केलं असतं तर हुबेहूब असंच केलं असतं! तेच पुसणं, तीच कमान. आपल्याच हातचं काम आपल्यालाच कुणी दाखवलं तर माणूस त्यात खोट कशी काढणार?

"शुक्रवारी या," डॉक्टर म्हणाले. "तासाभराचं काम. हनुवटीचंही त्यातच उरकून टाकू."

काकू घरी आल्या त्या तरंगतच. काकांनी मात्र घरी येऊन नुसता दिव्यांच्या वायरी गुंडाळायचा सपाटा लावला. गुंडाळलेल्या वायरी पुन्हा सोडून पुन्हा गुंडाळल्या.

संध्याकाळी लेक आली. लेक शाळेत खेळाची शिक्षिका. गळ्यात शिट्टी आणि आवाज असा, की शिट्टीची गरजच नाही. तिने सगळं ऐकून घेतलं आणि आईची उलटतपासणी सुरू केली.

"ते खरंच प्लास्टिक सर्जन आहेत का? पदवी बघितलीस?"

"भिंतीवर होतं की काहीतरी. सोनेरी."

"अशा पापण्या किती जणांच्या केल्यात त्यांनी? ज्यांच्या केल्या, त्यांच्यातल्या कुणाशी बोललीस?"

"अगं, ते काय शेजारी राहतात?"

"ऑपरेशन कुठे करणार? मध्येच काही झालं तर बघायला दुसरं कोण? तू रोज रक्त पातळ करायची गोळी घेतेस, ते सांगितलंस?"

"त्यांनी विचारलंच नाही."

"मग विचारलं तरी काय?"

काकू जरा विचारात पडल्या. "शुक्रवार चालेल का, ते विचारलं."

लेकीने कपाळावर हात मारला. "आई, तू भाजी घेताना दहा टोमॅटो दाबून बघतेस! आणि डोळा दाखवायला गेलीस तर पहिल्याच गाडीवर? बाबा, तुम्ही तरी बोला!"

बाबा मूग गिळून बसले होते. "तिला आवडलं ना," एवढंच म्हणाले आणि चहाचे कप उचलून आत निघून गेले. लेकीला रागच आला. आईचा उतावळेपणा ठीक, तो जुनाच आहे, पण बाबांचं काय बिनसलंय?

शेवटी लेकीने फर्मान काढलं. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय शुक्रवार-बिक्रवार काही नाही. तिच्या शाळेतल्या एका मुलाच्या भाजलेल्या हातावर ज्यांनी ऑपरेशन केलं होतं, त्या डॉक्टरबाईंकडे जायचं. काकू कुरकुरल्या, पण निघाल्या.

या डॉक्टरबाईंच्या खोलीत ना पाणी वाहत होतं ना अत्तर. साधं टेबल, साधी खुर्ची, एका कोपऱ्यात गार होऊन साय धरलेला चहा. बाई ठेंगण्या, केस पांढरे आणि ते रंगवायची तसदी न घेतलेल्या. काकूंनी मनात म्हटलं, हिने स्वतःचंच काही केलं नाही, ही माझं काय करणार?

पण बाईंनी तपासायला घेतलं आणि काकूंना दम खायला मिळेना. गोळ्या कुठल्या? रक्तदाब? साखर? जखम भरायला वेळ लागतो का? डोळे चुरचुरतात का, कोरडे पडतात का? घरात कुणी सिगारेट ओढतं का? आयुर्वेदिक काढे, चूर्णं? तेही सांगा, रक्त त्यानेही पातळ होतं. मग खालच्या पापणीत कागदाची बारीक पट्टी अडकवून डोळ्यांत पाणी किती येतं ते पाहिलं. छोट्या पट्टीने पापणीची कातडी मोजली. वर बघा, खाली बघा, घट्ट मिटा, हलकेच मिटा.

"मिटायचं कशाला बघताय?" काकू म्हणाल्या. "मला उघडायचेत."

"उघडायचं काम सोपं असतं, काकू," बाई म्हणाल्या. "मिटायचं अवघड. जुना फोटो आणलाय का एखादा?"

काकूंनी ऐटीत फोटो काढून दिला. बाईंनी तो हातात घेतला, खिडकीपाशी नेला, टेबलावरचं भिंग काढून लावलं. मग काकूंच्या भुवईवर बोट ठेवून हाडाचा अंदाज घेतला आणि पुन्हा फोटो पाहिला.

"हा चेहरा तुमचा आहे," त्या म्हणाल्या. "डोळे तुमचे नाहीत."

"म्हणजे?" काकू उसळल्या. "मग काय शेजारणीचे आहेत?"

"रागावू नका. फोटोत पापणीची घडी जिथे आहे ना, तिथे तुमच्या चेहऱ्यात ती कधीच नसणार. तुमचं हाडच तसं नाही. आणि हे मी करायचं ठरवलं, तर इतकी कातडी काढावी लागेल की डोळे मिटणारच नाहीत. झोपेतसुद्धा फट राहील. डोळा कोरडा पडेल, दुखेल, बुबुळाला जखम होईल. मग आहे तेवढं दिसणंही जायचं. कापलेली कातडी परत शिवता येत नाही हो." त्यांनी फोटो काकूंच्या हातात दिला. "या फोटोवर कुणीतरी हात फिरवलाय. न फिरवलेला घेऊन या. मला तुम्ही खऱ्या कशा होता ते बघायचंय."

लेकीने आईकडे पाहिलं. काका खिडकीबाहेर बघत होते. आणि काकू? काकूंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, कारण हात कुणी फिरवलाय हे त्यांना आठवलं होतं.

त्यांनी स्वतःच!

गोष्ट अशी. काकू लग्न होऊन आल्या तेव्हा स्टुडिओत सासूबाईंचं राज्य होतं, आणि सासूबाईंचा एक कायदा होता: नव्या हाताने आधी स्वतःचं तोंड बिघडवावं, मग गिऱ्हाइकाचं. तेव्हा कॉम्प्युटर कुठले? काम निगेटिव्हवर चालायचं. सुरकुती घालवायची तर टोकदार पेन्सिल फिरवायची, काळी रेघ हवी तर पात्याने हलकेच खरवडायचं. हात चुकला की निगेटिव्ह वाया. म्हणून शिकाऊ माणसाने स्वतःच्याच निगेटिव्हवर गिरवायचं. स्वतःच्या तोंडावर माणूस बेतानेच पातं चालवतो, असं सासूबाई म्हणायच्या. काका नव्या नवरीचा फोटो काढायचे आणि नवी नवरी त्यावर शिकायची. भिंतीवरचा तो फोटो म्हणजे काकूंची परीक्षा होती. जड पापण्यांवर पेन्सिल फिरवून त्यांनी त्या उडवल्या, वर नवी घडी खरवडली, आणि सासूबाईंनी तो पाहून "आता गिऱ्हाईक दिलं तुला" म्हणून चौकटीत घातला. पुढे तो रोज डोळ्यांसमोर राहिला, आणि रोज बघून बघून काकू विसरूनच गेल्या की हे डोळे आपण काढलेत.

दुसऱ्यांना फसवायचा धंदा म्हणावा, तर इथे कारागीरच फसला होता!

लेक तर रस्त्यातच खो-खो हसत सुटली. "आई, तू स्वतःच काढलेल्या चित्रासारखी दिसायला निघाली होतीस!"

"हस, हस," काकू म्हणाल्या, आणि मग त्यांनाही हसू आवरेना.

पण खरा फोटो आणायचा कुठून? रविवारी स्टुडिओ बंद ठेवून माळ्यावरचे खोके खाली काढले. धूळ, शिंका, आणि ढिगाने पाकिटं. काकू एकेक निगेटिव्ह दिव्यासमोर धरायच्या आणि बाजूला टाकायच्या. हा? खरवडलेला. हा? पेन्सिल. साडीतला, कडेवर लेक असलेला, सहलीतला, एक सोडून सगळ्यांवर काकूंचा हात. आणि ज्या एकावर नव्हता, त्यात काकू पाठमोऱ्या होत्या! आणि फोटोवाल्याच्या घरातल्या बाईचा फोटो दुसरं कोण काढणार? मोबाईलमधले फोटो होते, पण ते परवा-तेरवाचे. उभ्या आयुष्यात आपला एकही खरा फोटो नाही, हे काकूंच्या ध्यानात आलं आणि त्या खोक्यांच्या मध्ये फतकल मारून बसल्या.

"मी दिसायची तरी कशी हो?" त्यांनी विचारलं. आवाज बारीक झाला होता. "मलाच माहीत नाही."

काका इतका वेळ खोके उचलून देत होते. त्यांनी हातातलं खोकं खाली ठेवलं, स्टूल ओढलं, आणि काउंटरच्या वरची ती चौकट भिंतीवरून उतरवली. पालथी घातली. पक्कडीने मागचे बारीक खिळे उपटले. पुठ्ठा निघाला. टपोऱ्या डोळ्यांचा फोटो निघाला. आणि त्याच्या मागून आणखी एक निघाला.

काखेत कळसा म्हणतात तो हा असा!

त्या फोटोत चोवीस वर्षांची एक मुलगी हसत होती. हसत म्हणजे कशी? तोंड आ वासून, मान मागे टाकून, एक वेणी हवेत. आणि डोळे? डोळे मुळी नव्हतेच. दोन जाडजूड पापण्या गालांना भिडलेल्या, मध्ये नुसत्या दोन चंद्रकोरी.

"हा केव्हाचा?" लेकीने विचारलं.

"त्याच दिवशीचा," काका म्हणाले. "मी कॅमेऱ्याच्या काळ्या कापडात डोकं घातलं आणि बाहेर काढता येईना. कापड गुंडाळलं गळ्याभोवती, दिव्याला धडकलो, आणि ही हसायला लागली. माझं बोट कसं दाबलं गेलं देव जाणे. डोळे मिटलेला फोटो म्हणजे टोपलीत, हा आईचा कायदा. तिने टाकलाही. मी टोपलीतून उचलला." त्यांनी फोटोवरची धूळ शर्टाच्या बाहीने टिपली. "वरचा सगळ्यांसाठी होता. हा माझा."

काकूंनी फोटो हातात घेतला. डोळे भरून आले होते, तरी बोटाने पापणी वर धरून बघत राहिल्या.

"आणि म्हणून तुम्ही त्या दिवसापासून तोंड शिवून बसलात?" लेक म्हणाली.

"त्या गुळगुळीताला मी विचारलं होतं," काका म्हणाले. "ही हात धुवायला गेली तेव्हा. म्हटलं, डॉक्टर, हसताना हिचे डोळे मिटतात, ते मिटतील ना? तर म्हणाला, मिटायला कशाला हवेत, उघडण्यासाठीच तर आलात! माझी झोप उडाली हो. पण हिचा आनंद एवढा, की कुठल्या तोंडाने सांगू, मला ते टपोरे डोळे नकोत म्हणून? हिला दिसायला तर हवंच आहे."

"अहो, मग बोलायचं नाही का!" काकू एकदम कडाडल्या. "इतकी वर्षं मला वाटतंय तुम्ही त्या फोटोची काच पुसताय!"

"पुसत होतोच की," काका म्हणाले. "आतल्यासाठी."

काकूंनी पदराने नाक पुसलं आणि चहा टाकायला उठल्या. त्यांना प्रेम आलं की चहाच यायचा.

डॉक्टरबाईंनी तो फोटो पाहिला आणि त्या मोठ्याने हसल्या. "हं! या खऱ्या तुम्ही. पापण्या तुमच्या पहिल्यापासूनच भरलेल्या. त्यातलं वयाने जे लोंबलंय तेवढंच मी काढणार. बाकीचं तुमचं आहे, ते तुमच्यापाशी राहू दे."

"म्हणजे मी चोवीस वर्षांची दिसणार नाही?"

"नाही. छान झोप झालेली साठीतली बाई दिसाल."

काकूंना हे आवडलं. छान झोप म्हणजे काही थोडं नाही.

मग बाईंनी पुढचं सगळं सांगितलं, आणि गोड करून नाही सांगितलं. गोळी मनाने बंद करायची नाही, हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच. ऑपरेशनमध्ये जागं असाल, सुई टोचताना झोंबेल. नंतर डोळे सुजतील, काळेनिळे होतील, आरशात बघून रडू येईल, मला फोन करायचा नाही की हे काय केलंत. पण खूप दुखलं किंवा दिसेनासं झालं तर भर झोपेतून उठवा मला. एक डोळा आधी बरा होईल, दुसरा रेंगाळेल. बारीक व्रण राहील, घडीत लपेल. कडेच्या सुरकुत्या जाणार नाहीत. "आणि सुरुवातीला पापणी ताठ वाटेल, नीट मिटणार नाही. सूज उतरली की मिटेल. घाबरायचं नाही."

काकू घाबरल्या नाहीत. घाबरले काका.

ऑपरेशन नीट पार पडलं. पण पुढच्या दिवसांत काकांनी जो काही जीव खाल्ला! काकू गॉगल लावून काउंटरवर बसायच्या, गिऱ्हाईक म्हणायचं, "काय काकू, सिनेमात का?" काकू म्हणायच्या, "हो, खलनायिकेचं काम मिळालंय." आणि काका मागून डोकवायचे. रात्री बायको झोपली की बॅटरी घेऊन फट राहिलीय का बघायचे. दुसऱ्याच रात्री काकू दचकून उठल्या, "अहो, चोर आहात का तुम्ही!" आणि काका पांघरुणात. दिवसा लेकीला म्हणायचे, सांग ना काहीतरी विनोद. लेक विनोद सांगायची, काकू हसायच्या, पण डोळे अर्धेच मिटायचे आणि काकांचं तोंड उतरायचं.

"अहो, सूज आहे!" काकू ओरडायच्या. "डॉक्टरांनी सांगितलं होतं ना? तुमचे कान कुठे होते?"

टाके निघाले, निळं पिवळं झालं, पिवळं फिकट झालं. आणि एके सकाळी काकूंनी गॉगल काढून ठेवला, बोट न लावता डोळे उघडले आणि समोर बघितलं.

"अगंबाई!"

काय नव्हतं दिसत? पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात कोळ्याचं जाळं, शोकेसमध्ये मेलेल्या माश्या, कॅलेंडर दोन महिने मागे. आणि काकांच्या डोक्याला मागच्या बाजूने रंगच लागलेला नाही! पुढून काळेभोर आणि मागून पांढरेफटक.

"असेच फिरताय तुम्ही? किती वर्षं?"

"तुला दिसत नव्हतं तोवर चालत होतं," काका म्हणाले.

त्या दिवशी काकूंनी झाडू घेतला तो दुपारीच खाली ठेवला. गाणी काय गुणगुणल्या, काकांचं डोकं काय रंगवलं, विचारू नका. कॉम्प्युटरपाशी बसल्या आणि दोन्ही हात मोकळे ठेवून काम केलं. डाव्या हाताला काय करावं सुचेना, म्हणून त्याने त्या बिस्किटं खात होत्या.

आता राहिलं शेवटचं. डॉक्टरबाईंना तपासणीसाठी फोटो हवे होते: समोर बघताना, वर बघताना आणि डोळे मिटून. काकू पडद्यापुढच्या स्टुलावर बसल्या, लेकीने दिवा धरला, काकांनी कॅमेऱ्याला डोळा लावला. समोरचा झाला, वरचा झाला.

"हं, आता मिटलेला," लेक म्हणाली.

काकांनी घसा साफ केला. सगळा जन्म या माणसाने या खोलीत एकच वाक्य म्हटलेलं. जिभेला वळणच ते.

"हनुवटी खाली... इकडे बघा... डोळे उघडे!"

"बाबा, मिटायचेत!"

"हो हो. डोळे उघ... मि... उघडे मिटा!"

काकूंनी क्षणभर दम धरला. मग एवढ्याशा फुसकन आवाजाने सुरुवात झाली आणि बघता बघता मान मागे गेली, तोंड उघडलं, स्टूल डगमगलं, आणि काकांचं बोट दाबलं गेलं. या वेळी देवाला विचारायची गरज नव्हती. मुद्दाम दाबलं होतं.

फोटो कॉम्प्युटरवर आला. काकू सवयीने माऊस घेऊन बसल्या. कडेला सुरकुत्या होत्या, गालावर डाग होता, हनुवटीखाली सैल कातडी होती. काकूंनी सगळं बघितलं, आता त्यांना सगळंच दिसत होतं. मग त्यांनी माऊस बाजूला सारला आणि म्हणाल्या, "मोठा काढा हो. चौकटीत बसेल एवढा."

दुसऱ्या दिवशी कंडक्टर आला, नव्या मिशीचा नवा फोटो काढायला. मिशी आता चांगली भरली होती. नेहमीच्या जागी त्याला टपोरे डोळे दिसले नाहीत. तिथे आता शेजारी शेजारी दोन चौकटींत दोन फोटो होते, एक काळा-पांढरा, एक रंगीत, आणि दोन्हींत एकच बाई एकाच तऱ्हेने हसत होती.

"काकू," तो म्हणाला, "तुम्ही एवढ्या कामात हुशार, आणि स्वतःचे फोटो असे लावलेत? दोन्हींत डोळे मिटलेत की!"

पडद्यामागे दिवा लावणारे काका थांबले. काकूंनी काउंटरवरून वाकून त्या रंगीत फोटोकडे बघितलं, अगदी निरखून, आणि त्यांचा चेहरा असा फुलला की काय सांगू.

"पूर्ण मिटलेत, बघ," त्या म्हणाल्या. "केसाएवढीसुद्धा फट नाही."